मस्कतची बाबागाडी

६ फेब्रुवारी १९८८, शनिवार

आज उत्तरा गाळ्यावर आली. एवढं एक वाक्य लिहून वही मिटली तरी चालेल, पण हात थांबत नाही.

वही कॉलेजची आहे. सुरुवातीच्या बारा पानांवर अर्थशास्त्र. सेकंड इयरला हॉल तिकिटाच्या खिडकीवर कारकून बाबांबद्दल काहीतरी बोलला, गिरणी बंद पडलेल्यांची पोरं कशाला शिकतात असं. मी जाळीतून हात घालून त्याची कॉलर धरली. अर्थशास्त्र तिथेच संपलं. तेव्हापासून चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दादूकाकांच्या गाळ्यात आहे. हॉस्पिटलच्या ट्रॉल्या, चाकांच्या खुर्च्या, ढकलगाड्या. चाक असलेली कुठलीही वस्तू आम्ही दुरुस्त करतो.

दुपारी तीनच्या सुमारास ग्राइंडरवरून मान वर केली तर दारात ती. मागे ऊन, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं, नुसती कडा दिसत होती. वाटलं डोळ्यात ठिणगी गेली. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो; ते सोडल्यापासून तिला लांबून सात वेळा पाहिलं होतं. एवढ्या जवळून आजच.

तिची मोठी बहीण पद्मजाताई मस्कतहून आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आली आहे. सोबत तिकडची बाबागाडी. प्रवासात सामानाखाली दबून गाडीचं लॉक वाकलं. आता ती मिटत नाही, आणि कशीबशी मिटवली तर मिटलेली राहत नाही. मालाडमधल्या तीन दुकानदारांनी हात वर केले.

"मग मला तू आठवलास," ती म्हणाली.

या चार शब्दांवर मी मंगळवारपर्यंत जगेन. मंगळवारी गाडी आणायला तिच्या घरी जायचंय.

ती गेल्यावर बऱ्याच वेळाने दादूकाका म्हणाले, "पोरगी गेली मरे, आता तो ग्राइंडर बंद कर. हवेतच फिरता हा."

९ फेब्रुवारी, मंगळवार

कुठून सुरू करू.

मालाडला तिचं घर पहिल्या मजल्यावर. सोसायटीच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत चांगला उतार आहे. दार तिच्या आईने, नलिनीकाकूंनी उघडलं. पाणी दिलं, बस म्हणाल्या. पद्मजाताई शांत आहेत, प्रश्न विचारून झाल्यावरही तुमच्याकडे बघत राहतात. बाळाचं नाव शुभा. मला बघून तिने खुळखुळा फेकून मारला. उत्तरा हसली. माझ्यामुळे हसली असं धरायला हरकत नाही.

गाडी मात्र काय चीज आहे. आधी पाळणा असतो, बाळ आडवं झोपेल असा. बाजूच्या दोन खुंट्या ओढल्या की पाठ उभी राहते, पायाकडची पट्टी खाली उतरते आणि खुर्ची होते. आणि दांडा पुढे ढकलून खाली दाबला की सगळी गाडी पुस्तकासारखी मिटते. म्हणजे मिटायला हवी. लॉक डावीकडे एक, उजवीकडे एक. डावीकडचं पार वाकलेलं.

उघडी गाडी बसमध्ये घेणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हटलं चालत नेतो. तेव्हा काकू म्हणाल्या, रिकामी नाही न्यायची. रिकामा पाळणा हलवला की बाळाचं पोट दुखतं. पद्मजाताई म्हणाल्या, आई, ही गाडी आहे, पाळणा नाही. काकू म्हणाल्या, तूच आत्ता त्याला दाखवलंस ना पाळणा कसा होतो ते. आणि आतून पाट्यावरचा वरवंटा आणला, बारशाला गुंडाळतात तसा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला, गादीवर आडवा ठेवला, वर दुपटं घातलं. बजावून सांगितलं, परत आण, चटणी अडेल.

मग मी निघालो, वरवंट्याला घेऊन.

पहिली दहा मिनिटं लाज वाटली. मग वाटेनाशी झाली. चाकं इतकी हलकी की गाडी ढकलावी लागत नव्हती, तीच मला पुढे घेऊन जात होती. चारकोपला सेक्टरांचे रस्ते आधी आले आहेत, घरं अजून यायची आहेत. रुंद, रिकामे, दुपारचे रस्ते. दोन्हीकडे जोती मांडलेली, खिडक्यांच्या जागी आभाळ. खाडीवरून खारट वारा येत होता आणि दुपट्याचं टोक हळूच हलत होतं, आत कुणी श्वास घेत असल्यासारखं. मी सावकाश चालायला लागलो. खड्डा आला की वळसा घातला. उन्हाची तिरीप आली की टप पुढे ओढला. डाव्या बाजूला माझ्या मनातली उत्तरा चालत होती. बोलत नव्हती, तिची सावली तेवढी माझ्या सावलीत शिरत होती.

सेक्टर दोनच्या वळणावर एक मासळीवाली बाई टोपली उतरवून बसली होती. वाकून बघायला लागली. मुलगा की मुलगी?

"मुलगी," मी म्हणालो. "झोपलीय."

तिने दुपटं उचललं नाही. वरूनच हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, "बापावर गेलीय."

मी तिला खरं सांगितलं नाही. सांगावंसं वाटलंच नाही. गाळ्यापर्यंत पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं आणि मला एक घर होतं, दोन खोल्यांचं, खाडीकडे खिडकी असलेलं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

लॉक खोललं. आतली स्प्रिंग केसाएवढी. पुन्हा बसवताना दोनदा उडाली, तिसऱ्यांदा उडाल्यावर मी पान्हा फेकला. पत्र्यावर आपटला. दादूकाकांनी पान्हा उचलून माझ्या हातात दिला.

वरवंटा कपाटावर ठेवलाय. दुपटं घडी करून त्याच्या शेजारी.

१७ फेब्रुवारी, बुधवार

गाडी झाली. झकास झाली.

नवीन पिन मी स्वतः तासली. लॉकच्या पट्टीला दोन रिव्हेट मारले. आज दिवसभर शंभरदा तरी उघडली, शंभरदा मिटली. आधी चाकांचे ब्रेक. मग गादी आणि पायाकडचा खळगा हाताने चाचपून बघायचा, आत काही राहिलं नाही ना. मग दांडा. बोटं दांड्यावर, बाजूच्या सांध्यांवर नाही, नाहीतर कात्रीत सापडावीत तशी सापडतात. माझं एक सापडलं, नख काळं झालंय.

दादूकाकांनी मला डोळे मिटायला लावले. "डोळ्यान बघू नको, कानान ऐक. एक आवाज डाव्या बाजूचो, एक उजव्या. एकच इलो तर ती गाडी नाय, सापळो."

कट्, कट्. उघडताना दोन, मिटताना दोन. पाणी थेंब थेंब गळावं तसे. डोळे मिटून ऐकत राहिलो. रविवारी तिच्या घरात हे दोन आवाज वाजतील आणि ती माझ्याकडे बघेल.

२१ फेब्रुवारी, रविवार

गाडी आता मिटते, बसने नेता आली असती. पण मिटलेल्या गाडीत कुणाला बसवणार? पुन्हा वरवंटा गुंडाळला, पुन्हा चालत निघालो. आज खुर्ची करून नेली, म्हणजे समोरचं दिसेल. कुणाला दिसेल ते मी स्वतःला विचारलं नाही.

काकूंनी दार उघडलं आणि जरा दचकल्या. "अरे, आज आलास?" म्हणाल्या. आत पाहुणे होते. एक म्हातारं जोडपं, एक मुलगी, आणि क्रीम सफारीतला चष्मेवाला एकजण, मधुकर नावाचा. पद्मजाताईंच्या सासरची माणसं असावीत. उत्तराने मोरपंखी साडी नेसली होती. पाहुण्यांसमोर मुली नेसतातच. कांदेपोहे चालू होते, मलाही बशी मिळाली. वर खोबरं, लिंबाची फोड. पोहे उत्तराने केलेत असं काकूंनी त्या म्हाताऱ्या बाईंना दोनदा सांगितलं. मला एकदा सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

मधुकरला गाडीत फार रस. इंजिनियर आहे म्हणे. मिटते कशी, दाखवा ना, म्हणाला. मीही त्याचीच वाट बघत होतो. उत्तरा दारात उभी होती, हातात ट्रे.

ब्रेक लावले. दांडा पुढे ढकलला. दाबला. अर्ध्यात अडली.

पुन्हा दाबला. अडली. पाहुण्यांतली मुलगी हसली, तोंडावर हात धरून.

"आत काही अडकलंय का बघा," मधुकर म्हणाला. "जोर नका लावू."

डोकं सटकलं. शंभरदा मिटवलेली गाडी, आणि हा मला शिकवणार. मी गुडघा लावला आणि अंगाचा भार टाकला. कट्. मिटली. म्हाताऱ्याने मान डोलावली. उत्तराने ट्रे खाली ठेवला.

तेव्हाच काकूंनी विचारलं, वरवंटा कुठाय रे?

खळग्यात होता. चालताना गादीवरून घसरून पायाकडे गेला होता. गाडी उघडून बाहेर काढला तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. काकूंनी तो पदराने पुसून आत नेला. पद्मजाताईंनी विचारलं, गाडी ठीक आहे ना आता? रोज संध्याकाळी हिला खाली फिरवायचं म्हणतेय.

"एकदम," मी म्हणालो.

आवाज एक आला होता. लोकांच्या बोलण्यात दुसरा ऐकू आला नसेल.

२२ फेब्रुवारी, सोमवार

एकच आला होता.

किंवा दोन्ही एकदम आले असतील, एकावर एक. तसं होऊ शकतं.

दादूकाकांनी विचारलं, "दोन आवाज इले मां?"

"इले," म्हटलं. मग उगाच त्यांच्यावर ओरडलो, की मला काय लहान पोर समजता का.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

आज जाणार होतो. बसस्टॉपपर्यंत गेलो, दोन बसगाड्या सोडल्या आणि परत आलो.

काय सांगणार? की तुमच्या पाहुण्यांसमोर तोरा मिरवायला मी दगडावर गाडी मिटवली, आणि मग खोटं बोललो? काकू दार लावून घेतील. आता कुठे त्या घरात मला पाणी विचारतात. बशी मिळते. उत्तरा माझ्या नावाने हाक मारते, 'सहदेव' म्हणताना 'स' जरा लांबवते. हे सगळं एका पट्टीपायी घालवू? पट्टी कदाचित वाकलीही नसेल. आठ महिन्यांचं बाळ, त्याचं वजन ते किती.

डोळा लागला होता दुपारी, लेथच्या बाजूला, गोणपाटावर. गाडी त्या रुंद रस्त्याने एकटीच चालली होती. मी मागे होतो, घाई नव्हती. टप खाली होता. दुपटं हलत होतं. मासळीवाली बाई म्हणाली, झोपलीय का? मी म्हटलं हो. आणि गाडी हळूहळू, अगदी हळूहळू, पुस्तक मिटावं तशी मिटायला लागली, आणि मला ती फार सुंदर दिसली.

उठलो तेव्हा बनियन भिजलेलं होतं. साडेपाच वाजले होते. याच वेळी पद्मजाताई तिला खाली नेत असतील. काल नेलं असेल. आत्ता नेत असतील.

तरी आज मी गेलो नाही. हे लिहून ठेवतो.

२४ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी चारला ग्राइंडर चालू ठेवून निघालो. बस मिळाली नाही, रिक्षा केली.

फाटकातच ते भेटले. उतारावर. उत्तरा गाडी ढकलत होती, मधुकर तिच्या बाजूला, पद्मजाताई आणि काकू मागून. शुभा टोपडं घालून गाडीत बसली होती, राणीसारखी. मी धावत जाऊन गाडीपुढे उभा राहिलो आणि पुढचा बार धरला.

"बाळ काढा."

मधुकरने माझं मनगट पकडलं. अहो, काय चाललंय, म्हणाला. त्याचा हात झटकला असता तर तो पडला असता. मी झटकला नाही. बार सोडला तर गाडी उतारावर होती.

उत्तरा अगदी हळू बोलली. "सहदेव, प्लीज. इथे तमाशा नको. तुला जे वाटतंय ते मला कळतं, पण आत्ता नको."

मला आधी समजलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. मग समजलं, आणि कान तापले. एरवी मी काय केलं असतं मलाच माहीत. पण हातात बार होता.

"ताई," मी पद्मजाताईंना म्हटलं, "आधी तिला काढा. मग मला मारा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या पद्धतीने, वाजवीपेक्षा जास्त वेळ. मग पुढे आल्या आणि पट्टा सोडून शुभाला उचललं.

मी गाडी सपाटीवर घेतली, ब्रेक लावले आणि दांड्यावर दोन बोटं ठेवून जरासं दाबलं. डावी बाजू आवाज न करता बसली आणि तिच्यामागून सगळी गाडी. बाळाचे पाय जिथे होते तिथे दोन नळ्या एकमेकींना चिकटल्या.

शुभा टोपड्याची नाडी चोखत होती.

सगळं सांगितलं. गुडघा, वरवंटा, एकच आवाज. रविवारीच मला कळलं होतं, असंही सांगितलं. हे शेवटचं न सांगताही चाललं असतं.

"रविवारपासून?" उत्तराने विचारलं.

"हो."

"आम्ही तिला रोज बसवत होतो, सहदेव."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गाडीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

काकू म्हणाल्या, तू आता येऊ नकोस हां. दारावर आलेल्या विक्रेत्याला सांगतात तसं, रागाने नाही. मग मधुकरला म्हणाल्या, चला जावईबापू, वर जाऊ. थट्टेत म्हणाल्या असतील.

गाडी फाटकापाशीच राहिली. मी घेऊन जातो म्हणायचं धाडस झालं नाही.

२७ फेब्रुवारी, शनिवार

हॉस्पिटलच्या चार ट्रॉल्या आल्या. वंगण घातलं.

दादूकाकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलंस मां? मग जेव."

२९ फेब्रुवारी, सोमवार

चार वर्षांतून एकदा येणारी तारीख. धरला तर दिवस, नाहीतर नाही.

अकराच्या सुमारास गाळ्यासमोर टॅक्सी थांबली. पद्मजाताई. एका हातावर शुभा. डिकीत गाडी, सुतळीने कशीतरी बांधलेली.

मला वाटलं दादूकाकांना भेटायला आल्या. म्हटलं ते करतील, मी हात लावत नाही.

"तूच कर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याने काही मोडलं तर तो न सांगता देईल."

मी गाडी टेबलावर घेतली. वाकलेली पट्टी ठोकून सरळ करायला गेलो तर दादूकाकांनी हातोडी काढून घेतली. "एकदा वाकली ती परत थयच वाकतली. नवीन काप." त्यांनी स्वतः जाड पत्रा शोधून दिला. मी कापला, भोकं पाडली, कानशीने कडा गोल केल्या, बोट फिरवून बघितलं कुठे लागत नाही ना. पद्मजाताई स्टुलावर बसून होत्या. गाळ्यात अशी शांतता कधी नसते. छपराच्या पत्र्याच्या भोकांतून ऊन येत होतं आणि शुभा त्या उन्हाच्या नाण्यांना पकडायला बघत होती. मूठ उघडली की रिकामी. पुन्हा पकडायची. तासभर तिचं तेच चाललं होतं आणि मी तासभर तेवढंच करत होतो, कानस आणि तिचा हात, कानस आणि तिचा हात.

झाल्यावर शंभर वेळा नाही, वीस वेळा मिटवून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

मग म्हणाल्या, आता मला शिकव. एका हाताने.

मी म्हटलं एका हाताने कशाला, दोन माणसं असली की सोपं पडतं. एकाने बाळ धरायचं.

"तिथे दुसरं माणूस नसतं," त्या म्हणाल्या. "चौथा मजला आहे. लिफ्ट नाही."

बाळाचे बाबा?

"ते साइटवर असतात." शुभाला कडेवर घेत म्हणाल्या, "असतात, असं म्हणायचं."

मग शिकवलं. आधी ब्रेक, पायाने. मोकळ्या हाताने खळगा चाचपायचा, बाहुली, बाटली, काहीही. दांडा मांडीला टेकवायचा आणि वजन मांडीने द्यायचं, गुडघ्याने नाही. अडली तर थांबायचं, उघडायचं, बघायचं. डिकीत घालताना चाकं आधी आत, लॉकची बाजू वर, आणि तिच्या अंगावर दुसरी बॅग ठेवायची नाही. लॉकवरून एक जाड नाडा बांधायचा, प्रवासात हिसका बसला तरी उघडू नये म्हणून. विमानात सामानात द्याल तेव्हा गादी काढून भोवती गुंडाळा. मी इतका वेळ एका दमात कुणाशी बोललो नव्हतो. पहिल्या सहा वेळा त्यांना जमलं नाही. सातव्यांदा अर्धं. एकदा शुभाने त्यांचे केस ओढले आणि दांडा सुटला, त्यांनी दात आवळून पुन्हा धरला. अकराव्यांदा झालं. त्या हसल्या, तेव्हा उत्तरासारख्या दिसल्या.

"उत्तराचं मे महिन्यात आहे," त्या म्हणाल्या. "तुला माहीत असेल."

"हो," म्हटलं. मला माहीत नव्हतं. किंवा त्या पोह्यांच्या बशीपासून माहीत होतं.

"काही निरोप देऊ तिला?"

ही एवढी वही लिहिली आहे. त्यातलं एक वाक्य शोधत राहिलो. मग म्हटलं, "काही नाही."

गुरुवारी त्यांचं विमान आहे. टॅक्सीवाला गाडी उचलायला पुढे झाला तर त्यांनी त्याला थांबवलं. मला म्हणाल्या, हिला धर. आणि एकट्यांनी ब्रेक, खळगा, दांडा, सगळं केलं, मिटवली, उचलली, चाकं आधी आत घातली, नाडा बांधला. मी फक्त बाळ धरून उभा होतो. वरवंट्यापेक्षा फार जड नव्हती ती. पण वरवंटा खांद्यावर डोकं टेकत नाही. तिने टेकलं आणि झोपूनच गेली, ग्रीसचा वास येत असताना. तिचा श्वास मानेला लागत होता. परत देताना दोन्ही हात आखडले होते.

टॅक्सी निघाली. ताईंनी तिला खांद्यावर घेतलं होतं, मागच्या काचेतून पाठ दिसत होती. तेव्हा बघितलं, पांढऱ्या झबल्यावर माझी चार बोटं काळी उमटली होती. वंगणाचा डाग धुतला तरी जात नाही, हे सांगायचं राहिलं.